वडखळच्या कॅमेऱ्याची पेटी

सोम., १० नोव्हें. (पेण)
गफारभाईंनी पेटी आणून दिली. वडखळच्या टायरवाल्याच्या कॅमेऱ्याची, चित्रण साठवते ती. त्याच दुकानासमोर आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांच्या बायकोला, सकीनाला टेम्पोने उडवलं, जागीच गेली. पळालेल्या टेम्पोचा नंबर असला तर हिच्यातच. पण पेटी चालू होत नाही. मीच शब्द देऊन बसलो, आमची सून असलंच काम करते म्हणून. स्नेहल म्हणाली, "बाबा, आधी मला विचारायचं तरी." बरोबर आहे. पण आता काय?

मंगळ., ११
स्नेहल अजून पेटी चालू करून पाहत नाही. मी वायर लावायला गेलो तर ओरडली. "हात नका लावू! चालू झाली की जुनं पुसून त्यावर नवं लिहील ती." आतली डिस्क काढून नक्कल करते आहे. दिवसभर तेच. गफारभाई फाटकाशी उभे. "नामा, काय झालं रं?" काम चालू आहे म्हणून परत धाडलं. बीपीची गोळी घेतली की नाही, आठवत नाही.

गुरु., १३
मुलगा रोह्याहून शिफ्ट करून आला. विचारलं, तुझ्या बायकोला येतं तरी का हे? "बाबा, मशीन सुरू होताना आत पहिलं जागं होतं ते कर्नेल, म्हणजे मूळ प्रोग्राम. लिनक्स सिस्टिमचं. ती तिथलं काम करते. तिचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान नाय." मी कुठे टीव्ही म्हटलं?
कंपनीचं काम उरकून ती पुन्हा बसली. डिस्क बाहेरच, रिकाम्या पेटीला वायरी; चित्रं हिच्यातच उघडतात म्हणते. लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरं धावतात, एका जागी अडतात. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. ती चिडत नाही, ह्याचाच मला राग.

शनि., १५
नक्कल पेटीत घातली, चित्रं दिसली! पण तारखा भलत्याच. पेटीतल्या घड्याळाचा सेल मेलेला, म्हणून वीज गेली की घड्याळ मुळापासून सुरू, सगळं १९७० सालचं. तेव्हा तिथे टायरचं दुकान तरी होतं का! स्नेहल म्हणते, दिवस असा कळणार नाही, गफारभाईंनाच ओळखायला बसवावं लागेल. त्यांना कसं सांगायचं, हे पुन्हा माझ्याच गळ्यात.

रवि., १६
गफारभाई बसले. टोपी काढून मांडीवर. सकीना पिशवी घेऊन रस्ता ओलांडते. "हा दिवस नव्हं. तवा वाल घेऊन आलेली." पुढचा बाजार. सकीना टायरवाल्याशी हात नाचवून बोलते. गफारभाई हसले. "बघ गो स्नेहल, वाटेत गाडी लावलीन म्हणून दम देते त्याला."
स्नेहल पुढे सरकवायला गेली.
"ऱ्हाऊ दे. मघाचं परत लाव."
परत लावलं. मग परत. माझा जीव नंबरात अडकलेला. पुढे घ्या म्हणणार होतो, त्याऐवजी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. जेवायला उठेनात. जाताना म्हणाले, उद्या येतो, पण आधीचे बाजार सगळे बघायचे.
शेवटचा बाजार, टेम्पोचा, अजून लावलेला नाही. आम्ही कोणी लावणारही नाही, गफारभाई सांगेपर्यंत.