फ्रीजरची चौकट

१४ सप्टेंबर, रविवार. दिवस ३८६.

जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. गुडघे बोलायला लागले. आठ खोल्या भाड्यानं दिल्या म्हणजे आठ जावई पोसायचे — नळ गळतो, लाईट गेली, वरचे पाय आपटतात!

संध्याकाळी सात नंबरचा निरंजन खाली आला. परभणीचा आहे, हिंजवडीत कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस खोलीतूनच काम करतो. "काका, दुकानातला तो आडवा फ्रीजर वापरात आहे का?" दुकान बंद होऊन चार वर्षं झाली. आइस्क्रीमचं दुकान काढलं होतं मी. आइस्क्रीम कमी आणि माझ्याच बाटल्या जास्त गार झाल्या त्यात. दुकान बसलं, फ्रीजर राहिला. म्हटलं, पडून हाय, कशाला पायजे?

तर म्हणे बीअरचा नळ करायचाय. आत पिंप, बाहेर नळ. फिरवला की ग्लास भरला. हॉटेलात असतो तसा, पण घरी. मग जरा घुटमळला. "तुम्हाला चालेल ना काका?"

"मला काय व्हतंय!" म्हणालो.

काय होतंय ते माझं मला माहीत.

१५ सप्टेंबर. ३८७.

शुभांगी दोन वेळा ताट वाढून गेली, बोलली नाही. बायको गप्प असली की घर मोठं होतं. तिसऱ्यांदा बोलली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या त्या पोरानं. आन् तुमी घेतल्या बी!"

म्हटलं, मी फक्त सुतारकाम करणार. "तवा बी तुमी फकस्त बसायलाच जायचा."

बरोबर आहे. 

हे आकडे कशाचे ते एकदा लिहून ठेवतो. लिहिलं की हात आवरतो. गेल्या वर्षी २४ ऑगस्टला आमच्या लेकीच्या, गौतमीच्या पोराचं बारसं आमच्या दारात होतं. पहिलं बाळंतपण, माहेरी. मी सकाळपासून घेतलेली. पाळण्याची दोरी ओढतो म्हणून उठलो आणि पाळण्यावरच पडलो. आत पोरगं होतं, बारा दिवसांचं. दांडीनं मला अडवलं म्हणून त्याला काही झालं नाही. गौतमी ओरडली नाही, रडली नाही. पोराला उचललं आणि पिशवी भरली. "अण्णा, तुमी सोडल्याबिगर मी ह्या दारात यायची न्हाई." सव्वा महिना माहेरी राहायची बाळंतीण बाराव्या दिवशी मंचरला सासरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भैरोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. तो दिवस पहिला. नातू तेव्हापासून शुभांगीच्या मोबाइलमध्येच मोठा होतोय.

१८ सप्टेंबर. ३९०.

निरंजन ड्रिल मशीन घेऊन फ्रीजरच्या पोटाला भोक पाडायला निघाला होता! म्हटलं थांब, आधी भिवाजीला विचारू. भिवाजी पिरंगुटला फ्रीज दुरुस्त करतो. तो ऐकूनच किंचाळला. "भोक पाडू नगा! चारी भितींत ग्यासची नळी फिरतीया. एकदा टोचली की फ्रीजर मेला. मग ज्वारी ठिवा त्यात."

त्यानं उपाय सांगितला. झाकण काढायचं, फ्रीजरच्या काठावर लाकडाची चौकट बसवायची, तिच्यावर पुन्हा झाकण. नळ त्या चौकटीत. पोटाला हातच लावायचा नाही.

निरंजन माझ्याकडं बघायला लागला. चौकट मलाच करावी लागणार.

२१ सप्टेंबर, रविवार. ३९३.

गोठा रिकामाच आहे. शेवटची गाय गेली त्याला तीन वर्षं झाली. गव्हाणीच्या फळ्या काढल्या. सागाच्या, माझ्या आबांच्या वेळच्या, गायींनी मान घासून घासून गुळगुळीत केलेल्या. दिवसभर रंधा मारला.

करवत सरळ गेली! खुणेच्या रेषेवरून, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातात चहाची कपबशी वाजायची. शुभांगी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. चहा ठेवून गेली. कपबशीतच दिला. मुद्दाम दिला असणार.

फार बरं वाटलं. ते कशासाठी केलं त्याचा विचार करत नाही.

२२ सप्टेंबर. ३९४.

घट बसले. पाठ धरली. बाकी काही नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार. ३९९.

चौकट बसली. फ्रीजर बीअरचा बर्फ करील म्हणून निरंजननं एक डबी लावलीय. चार डिग्री झाले की तीच करंट तोडते. पाण्यानं नळ तपासला, थेंब गळला नाही. मग त्याच्या ओळखीत कोणी बीअर बनवतो, तिथून तो पिंप भरून घेऊन आला. गॅसची टाकी जोडली, नळ फिरवला — नुसता फेस! ग्लासभर फेस, बादलीभर फेस, माझ्या हातावर फेस.

वास आला. तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला लिहू? बाहेर जाऊन तीन वेळा साबणानं हात धुतले, तरी वास नखात होताच.

परत आलो तर निरंजन डोकं धरून बसलेला. म्हटलं, नळी किती लांब आहे? हातभर. अरे मग फेसच येणार! ठिबकच्या नळीचं तसंच असतं. लांब केली की पाण्याचा जोर मरतो. आठ-नऊ हात नळी वेटोळी करून आत बसवली. फिरवला नळ. सोन्यासारखी धार, वर दोन बोटं फेस.

"काका, तुम्ही इंजिनिअर व्हायला पाहिजे होतं!"

व्हायला तर बरंच काही पाहिजे होतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. ४०३.

हत्यारं पुजली. कोयता, करवत, रंधा, पहार. निरंजन झेंडूची माळ घेऊन आला आणि म्हणाला, आपल्या मशीनलाही घालू. मी शुभांगीकडं बघितलं. ती ताट घेऊन दुकानात गेली आणि फ्रीजरला हळदकुंकू लावलं. "हत्यारच हाय ते. कुणावर चालतंय ते बघू."

४ ऑक्टोबर, शनिवार. ४०६.

उद्घाटन दसऱ्यालाच करायचं होतं त्याला, पण यंदा दसऱ्यालाच गांधी जयंती, दारूबंदीचा दिवस. म्हणून आज. त्याच्या कंपनीतली सहा-सात जणं आली. नारळ मला फोडायला लावला. एकानं भरलेला ग्लास पुढं केला. "काका, पहिला मान तुमचा." निरंजन मधे पडला. "काका घेत नाहीत." मी लिंबू-पाण्याचा ग्लास धरून तासभर बसलो. सगळे चौकटीवरून हात फिरवत होते. कसलं लाकूड आहे, कोणी केलं!

घरी आलो. शुभांगी जवळ येऊन उभी राहिली. वास घेत होती. मग म्हणाली, "जेवा."

छाती फुगली. खरंच फुगली. चारशे सहा!

१३ ऑक्टोबर. ४१५.

गौतमीचा फोन. माझ्या फोनवर! शुभांगीच्या नाही. "अण्णा, पाडव्याला येते. तुमाला ओवाळायला." मी 'बरं' म्हणालो. आणखी काही बोलायला हवं होतं.  फोन ठेवल्यावर गोठ्यात जाऊन रडलो.

१७ ऑक्टोबर, वसुबारस. ४१९.

निरंजन दिवाळीला परभणीला गेला. दुकानाची किल्ली देऊन गेला. अर्धं पिंप शिल्लक आहे म्हणाला, राहू द्या, आल्यावर बघतो. शुभांगी करंज्या करतेय. मी जिना धुतला, उंबऱ्याला रंग दिला. आंग मोडून आलं.

१९ ऑक्टोबर, रविवार. ४२१.

काल संध्याकाळपासून लाईट नाही. डीपी जळालाय. सकाळी दुकानापाशी गेलो तर शटरखालून वास! उघडलं. नळी पाझरलीय. खाली चिकट थारोळं, माश्या, मुंग्या. पाणी मारलं, फिनेल टाकलं. वास जाईना. पोरगी पाडव्याला ह्याच शटरसमोरून घरात येणार. चारशे दिवस कोरडा आहे आणि दाराला गुत्त्याचा वास!

निरंजनला फोन केला. "ओतून द्या काका, पुन्हा आणू." ओतून द्या म्हणायला काय जातं? ते पिंप उचलायचं कोणी, त्याच्या बापानं?

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. ४२२.

लिहायचं नव्हतं. पण मग ही वही कशाला?

पहाटेची आंघोळ, फराळ झाला. शुभांगी भावजयीकडं फराळ द्यायला गेली. मी दुकानात. पिंप फ्रीजरमधून निघेना, पाठ तर आधीच गेलेली. नळातून काही येईना, टाकीतला गॅस संपलेला. पिंपाचं झाकण उघडलं. आतून बसणारं, जुन्या कुकरसारखं. फवारणीच्या पंपाची नवी नळी होती. एक टोक पिंपात सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं आणि मग मोरीत सोडणार होतो. ट्रॅक्टरमधून डिझेल आयुष्यभर असंच काढलंय. आमच्याकडं लहानथोर सगळे असंच काढतात. डोक्यात दुसरा विचारच आला नाही, खरंच नाही आला.

तोंड भरलं.

डिझेल आलं की थुंकतो. इथंही थुंकता आलं असतं. मोरी पायाशी होती. मी थांबलो. मोजून सांगता येणार नाही किती, पण थांबलो. आणि गिळली.

एकच घोट. मग नळी मोरीत सोडली, सगळं वाहून जाईपर्यंत तिथंच बसलो. चुळा भरल्या, लवंग खाल्ली. कोणी बघितलं नाही. भैरोबा बघत असेल तर त्यानं आवाज द्यायला हवा होता.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन.

४२३ लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

शुभांगीला सांगितलं. ती पणत्या लावत होती. हातातली काडी विझली तिची. नंतर म्हणाली, "चुकून गेली ती. तोंडात आली तर काय करणार मानूस?" म्हटलं, चुकून तोंडात आली. चुकून गिळली नाही. तिनं दुसरी काडी ओढली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी वरसानं येतीया. तोंड उघडू नगा, तुमाला माजी आन हाय."

२२ ऑक्टोबर, पाडवा.

आली. वास नव्हता. मीच पहाटे उठून पुन्हा जागा धुतली होती. गौतमी उंबऱ्यात थांबली, माझ्याकडं बघितलं आणि जवळ आली. अगदी तोंडाजवळ. आईसारखीच. मी लवंगेचा श्वास सोडला. मग तिनं पोरगं माझ्या हातात दिलं. चौदा महिन्यांचं. जड आहे! माझ्या मिशा ओढल्या. हात कापले नाहीत. 

पाटावर बसवून ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली. ती म्हणाली, "आज चारशे चोवीस ना, अण्णा?"

 तिला कसं माहीत? तर म्हणे आईनं शपथ सांगितली त्या दिवसापासून तीही मोजतेय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचे खाडे लिहिते तिथंच, रोज एक आकडा. "सासूबाई इचारत्यात, ह्ये कसलं दूध?" आणि हसली. ती हसलेली बारशानंतर पहिल्यांदा बघितली मी.

"व्हय," म्हणालो. "चारशे चोवीस."

शुभांगी आत निघून गेली.

संध्याकाळी गेले ते. पोराची एक टोपी राहिलीय पाटावर.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज.

जेवलो नाही. टोपी कपाटात ठेवली, काढली, ठेवली. सगळं मिळालं आणि एकही गोष्ट माझी नाही. ती तिथं आज चारशे पंचवीस लिहील. माझ्यासाठी लिहील. थकलो.

२४ ऑक्टोबर. दिवस पहिला.

शेवटच्या घोटानंतरचा चौथा खरं तर. पण पाडव्याला पोरीशी खोटं बोललो, कालही तसाच बसून राहिलो. ते दिवसही पिण्यातच धरले. शुभांगीची आण मोडली. तिला आधी सांगून मोडली. "करा काय करायचं ते," म्हणाली, पण उठून गेली नाही, शेजारीच बसली.

गौतमीला फोन लावला. नळी, तोंड, घोट, पाडव्याचं 'व्हय', सगळं सांगितलं.  तिकडं पोरगं ताटली वाजवत होतं, तेही थांबलं. मला वाटलं, ठेवला फोन.

मग कॅलेंडरचा कागद फडफडल्याचा आवाज आला.

"एक लिवलाय, अण्णा," म्हणाली.