मी भरलेलं पॅराशूट

प्रिय आत्या,

परीक्षकांनी मी घड्या घालून भरलेलं पॅराशूट तपासून मला पास केलं, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. पास केलं, पण तपासून नाही. त्यांनी ते उघडूनही पाहिलं नाही. सरळ पाठीवर बांधलं आणि विमानात चढले.

खाली माझ्या जिवाचं पाणी पाणी. दोऱ्या गुंतल्या तर? तेवढ्यात वर पिवळं पॅराशूट फुललं, आणि मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या मेकॅनिकच्या हातातला पाना पडला.

परीक्षक हसतच उतरले. "कोणी शिकवलं गं?"

"आत्याने. आधी घरातल्या चादरींवर."

"आणि तू कधी उडी मारलीस?"

"अजून नाही."

"वा! म्हणजे आपटायचं ते आम्हीच?"

आपण भरलेल्या पॅराशूटने आपणही उतरावं, हे तूच सांगायचीस. मी भीतीपोटी टाळत होते. आता उडीचं प्रशिक्षण झालंय आणि आनंदाने झोप उडालीय. हे पत्र मात्र टाकणार नाही. वाचलंस तर धावत येशील आणि सगळं उलगडून पुन्हा घड्या घालायला लावशील.

मी उडी मारणार आहे येत्या रविवारी, बारा तारखेला, सकाळी.

तुझी,
घाबरट पण खूश भाची