पाणी कुठे जातं

बुधवार, १३ मार्च

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

गुडघा कसा आहे? आईला सांगा, मोजे मिळाले, अगदी मापाचे आहेत.

आधी एक दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की स्पाचं सांडपाणी मागच्या शोषखड्ड्यात जिरेल. ते चूक आहे. खड्डा फक्त नकाशात आहे. जागेवर वीतभर खणलं की कातळ लागतो. मालिशच्या चारही खोल्यांचं तेलकट पाणी कातळावरून घसरत थेट ओढ्यात जाईल. खालच्या वळणावर लोक त्याच ओढ्याचं पाणी प्यायला भरतात.

जागा मात्र सुंदर आहे हो. एकही झाड तोडावं लागणार नाही. नकाशात एक भिंत तर मी खडकाला वळसा घालून नेली आहे. मालकीणबाई येईल त्याला नकाशा दाखवून सांगतात, "आमच्या पोरीनं इमारत निसर्गात विरघळवली!" मी मान खाली घालते.

परवा नकाशा खोडताना आपले रविवार आठवले. फरशी बसवून झाली की तुम्ही मला बादली ओतायला लावायचात आणि आपण दोघं उकिडवे बसून बघत राहायचो. "पाणी कुठून येतं ते मालक विचारतो," तुम्ही म्हणायचात, "कुठे जातं ते आपण विचारायचं." ओल्या सिमेंटचा वास आला की मला अजून भूक लागते. पाणी नीट गेल्याशिवाय आपला डबा उघडायचा नाही ना!

डॉक्टरीणबाईंची न्हाणी आठवते? कोपऱ्यात ओंजळभर पाणी साचलं होतं. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो मिस्त्री, फडक्यानं पुसून घेऊ." तुम्ही छिन्नी उचललीत. त्या संध्याकाळी शाळेत माझं नाटक होतं. तुम्ही पोहोचलात तेव्हा खुर्च्या उचलत होते. त्यानंतर कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, आमच्या बाबांना लेकीपेक्षा फरशी प्यारी.

बाबा, कातळ लागला तेव्हा मी तिथेच उभी होते. जानेवारीत. इंजिनिअर हसून म्हणाले, "ताई, पाण्याला वाट सापडतेच." आणि मी नकाशावर सही केली. पहिलं काम होतं, वेळेत व्हायला हवं होतं. तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हाही मला ठाऊक होतं. म्हणजे वर 'चूक' लिहिलंय, तिथे 'खोटं' वाचा.

वरच्या अंगाला माती कमरेएवढी खोल आहे. काल खणून घेतलं, चार बादल्या ओतल्या, चारही जिरल्या. आधी तेल अडवणारी टाकी आणि मग खड्डा, असं तिथे जमेल. पण पाणी चढ चढत नाही, खोल्याही तिकडेच न्याव्या लागतील. मग ओढा ना दिसेल, ना ऐकू येईल, आणि मालकीणबाईंचा सगळा जीव त्या आवाजात आहे. काम माझ्या हातून जाईल बहुतेक. त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण फार वाटतं.

पाया मंगळवारी खणायला घेणार आहेत. त्याआधी मालकीणबाईंना सगळं सांगणार आहे, जानेवारीसकट. तोवर फोन करू नका. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात तरी मला रडू फुटेल.

सोमवारी, अठरा मार्चला, सकाळी दहा वाजता मालकीणबाईंकडे जाणार आहे.

तुमची लेक