उलट्या कापाचं झाड

प्रिय ताई,

बावीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. बाबा बरे आहेत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. बाग सोडल्यापासून ते माझ्याकडेच असतात. यंदा बहर जोरात असल्याचं कानावर आलं आणि गावाला ने म्हणून त्यांनी नुसता धोशा लावला. रविवारी घेऊन गेले.

नदीवरचा दगडी पूल तसाच आहे, पण आता तिथे पर्यटकांची झुंबड. गाईड पुलाचं वय सांगत होता, तर बाबांनी गर्दीतूनच त्याला शंभर वर्षांनी दुरुस्त केलं! बिचारा वरमला. जुन्या वेशीच्या पायरीवर बसून आपण आलुबुखाराच्या बिया पाण्यात थुंकायचो, कुणाची लांब जाते म्हणून. तिथे आता चकाचक कॉफीचं दुकान आहे. मी उगाच त्या पायरीवर जरा टेकून आले.

बाग आता एका डॉक्टरीणबाईंनी घेतलीय. बाबांनी इथे तीस वर्षं कलमं बांधली म्हटल्यावर त्यांनी फाटक सताड उघडलं. नासपतीची झाडं पांढरीशुभ्र झाली होती. बाबांना आता धड दिसत नाही. बुंध्यांवरून हात फिरवत चालले होते. नदीकडच्या रांगेत एका झाडापाशी थबकले. कलमाच्या जोडावरचा वण अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "हा काप उलटा. थोरलीचा आहे." तुझ्या डावखुरेपणावरून किती ओरडायचे, आठवतं? आता त्या वणावरून हात निघेना.

ताई, तू त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस, त्याच वर्षी फळं उतरायच्या आत त्यांचा राग उतरला होता. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मला म्हणाले, "तिला लिही, दोघंही या म्हणावं." मी लिहिलंच नाही. महिन्याभराने सांगितलं, ती नाही म्हणाली. आई गेल्यापासून त्यांची शिडी धरायला कायम तू असायचीस. तू गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला हाक मारली. ती हाक मला सोडवेना. परवा त्या झाडाखाली सगळं सांगून टाकलं.  बाबा एवढंच म्हणाले, "तेव्हाचं पत्र आता लिही." घरी येईपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. आत्ता समोर बसलेत आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावतायत. माफी मागायचं तोंड नाही मला. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण दोघंही या.

म्हणू देशील तर तुझीच,
चिमणी