धूळ आढळून आली नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते कुठेतरी राहायला हवं. ऑफिसात कोणाला सांगायची सोय नाही. शिपायाला सांगायला लागलं की तो मान हलवतो आणि चहा आणायला जातो, तो तासाभराने उगवतो.

आज टेबलावर धुळीची तक्रार आली. गावाच्या टोकाला एक लाँड्रीवाली बाई राहते. शेजारी ट्रॅक्टरवाला. त्याच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर फिरून फिरून मातीचं पीठ झालंय. ते वाऱ्याबरोबर उडतं आणि बाईच्या दोरीवरच्या ओल्या चादरींवर बसतं. चादरी दवाखान्याच्या. पुन्हा एकदा पिवळट चादरी आल्या तर काम बंद, असा दवाखान्याने दम दिलाय. बाईचं घर ह्या चादरींवर चालतं हे अर्जात दोनदा लिहिलंय. एकदा लिहिलं असतं तरी कळलं असतं. इथे काय गाढवं बसलीत?

पण केस चांगली आहे. हेड ऑफिसात एक काचेची केबिन रिकामी आहे. मोठ्या साहेबांच्या नजरेत भरायला असं एखादं काम लागतं.

संकल्प: आठवड्यात निकाल.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्थळपाहणी. जीप थांबली तेव्हा मोठा लोट उठला आणि शिपायाला ठसका लागला. ती धूळ जीपची, म्हणजे सरकारी. ती धरत नाहीत.

अकरा वाजता पोचलो. झाडाचं पान हलत नव्हतं. दोरीवर चादरी स्वच्छ. विचारलं, कुठाय धूळ? बाई म्हणाली, वारा चारनंतर सुटतो. आमची जीप तीनला परत फिरते. वाऱ्याला ऑफिसची वेळ पाळता येत नसेल तर त्याला मी काय करू?

ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, माती काय मी पाळलीय का साहेब, जाते तिच्या मनाने. दोघांचं बरीच वर्षं बोलणं नाही. चार पावलांवर उभे राहून माझ्यामार्फत भांडत होते. बाई म्हणायची, त्यांना सांगा. तो म्हणायचा, त्यांना सांगा. मी सांगत होतो. परत येताना लक्षात आलं की घसा बसलाय. अडाणी माणसं.

शेरा: धूळ आढळून आली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा खाताना सायंटिफिक पद्धत सुचली. बाईच्या दारात पांढरं फडकं टांगायचं. आठवड्याने उतरवायचं. मळलं तर धूळ आहे, नाही मळलं तर नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? इतक्या वर्षांत हे कोणाला सुचू नये, ह्याचं नवल वाटतं. म्हणजे फार वाटत नाही, बाकीचे कोण आहेत ते मी रोज बघतोच.

नियम तयार केला: "धुळीचा नमुना प्रत्यक्ष कापडावरील असावा, अधिकाऱ्यासमक्ष घेतलेला असावा व तात्काळ सीलबंद करावा. नमुन्याशिवाय धूळ ग्राह्य धरू नये." मोठ्या साहेबांना पाठवला.

घरी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मळतंय का ते बघायला फडकं टांगणार, आणि तेही लाँड्रीवालीच्या दारात? म्हटलं, मग काय तुझ्या दारात टांगू? ती हसत आत गेली. तिला सायन्सची आवड नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

फडकं टांगलं. बाईला चार लोकांदेखत बजावलं, हे सरकारी आहे, नीट सांभाळायचं. तिने जोरात मान डोलावली. शेवटी दरारा लागतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

थक्क झालो. फडकं टांगलं होतं त्यापेक्षा पांढरं निघालं. आणि कडक. म्हणजे धूळ तर नाहीच, उलट तिथल्या हवेत कापड उजळवण्याचा गुण आहे. रिपोर्टमध्ये हा मुद्दा स्वतंत्र घेतला. लोक औषध म्हणून हवा बदलायला कुठे कुठे जातात, आणि ह्या बाईला फुकट मिळालीय तर तिची तक्रार. गाढवाला गुळाची चव काय?

शिपाई म्हणत होता की फडक्यावर इस्त्रीची घडी दिसतेय. म्हटलं, वाऱ्याने पडते.

मग वारा असतो म्हणायचा, असं तो म्हणाला. हल्ली फार बोलायला लागलाय.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असूनही अचानक धाड घातली. सतरालाच दुसरं फडकं टांगून आलो होतो, ते बाई दगडावर आपटत होती. माझ्या डोळ्यांदेखत. सरकारी पुरावा!

आवाज चढवला. बाईला त्याचं काहीच नाही. म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना साहेब, नीट सांभाळायचं? आणि लाँड्रीच्या दारात मळकं फडकं लोंबत ठेवलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" रोज संध्याकाळी पिवळं होतं, रोज रात्रीच्या आत धुऊन टांगते, म्हणाली. वर नीळही घालते. म्हणजे रोजचा पुरावा रोज धुवायचा आणि वर न्याय मागायचा. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं पाहिली होती, धुऊन घेणारी आज पाहिली.

हवेच्या गुणाचा मुद्दा रिपोर्टमध्ये तसाच ठेवला. एकदा गेलेला रिपोर्ट मागे घेणं बरं दिसत नाही.

संकल्प: ह्यापुढे कोणावर विश्वास नाही.

३ मार्च, सोमवार

नवीन पद्धत. स्टोअरमधून मांजरपाटाचा अख्खा ताका काढला. दोघांच्या हद्दीवर बांबू रोवले आणि पुरुषभर उंचीचं कापड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधलं. धुवा म्हणावं आता. वर पाटी: "सरकारी नमुना. हात लावू नये."

माणसं बघायला जमली. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, लग्न कोणाचं आहे? ह्या लोकांना मांडव आणि प्रयोग ह्यातला फरक कळायला दोन पिढ्या जातील.

१० मार्च, सोमवार

निकाल लागला! कापड जसंच्या तसं. पांढरं स्वच्छ.

शिपाई पलीकडून ओरडायला लागला, साहेब, ह्या बाजूने बघा, पिवळं धम्मक झालंय. तिथूनच सांगितलं, तिकडची तक्रार नाही. तक्रार बाईची, तेव्हा नमुना बाईच्या बाजूने बघायचा. ज्या बाजूची तक्रारच नाही तिकडे डोकावणं म्हणजे अधिकाराबाहेर जाणं. असल्या बारकाव्यांसाठी मेंदू लागतो.

बाई स्वतः म्हणाली, आठवडाभर चादरींवर कण नाही. दवाखानाही खूश, आता पडद्यांचंही काम देतो म्हणाला. देवासारखे आलात साहेब, म्हणाली. आता ही कबुली नव्हे तर काय? धूळ नव्हतीच. माझा धसका घेतला आणि खरं बोलली. डोळ्यांत धूळ फेकायला निघाली होती, पण गाठ कोणाशी होती!

शेरा: धूळ आढळून आली नाही. (ठळक अक्षरात.)

१४ मार्च, शुक्रवार

ऐकलं की ती दोघं बोलायला लागलीत. तो तिला वहिनी म्हणतो, ती त्याला भावजी. कापडाच्या सावलीत बसून चहा पितात. माझ्यापुढे भांडण टिकलं नाही, हे बोलून दाखवायची गरज नाही. शिपायाला तरी बोलून दाखवलं.

बायको माझा पांढरा शर्ट त्या बाईकडे कांजी करायला देऊन आली. म्हणाली, बाई हाताची फार स्वच्छ आहे. मला न विचारता पक्षकाराशी संबंध! पण शर्ट झकास झालाय. केबिनच्या पहिल्या दिवशी घालावा.

१८ मार्च, मंगळवार

मोठ्या साहेबांचं उत्तर आलं. सव्वीसला स्वतः पाहणीला येतायत. धुळीच्या नमुन्याचा माझा नियम त्यांनी सगळीकडे लागू केलाय म्हणे. माझा नियम!

केबिनला निळे पडदे बरे की करडे? करडे. निळ्याने माणूस हलका वाटतो.

२४ मार्च, सोमवार

कापड काढायचं ठरवलं. प्रयोग संपला, आणि पलीकडची बाजू बघवत नाही. मोठे साहेब त्या बाजूने आले तर काय म्हणतील?

बातमी कशी फुटली कोण जाणे. दुपारी बाई आणि ट्रॅक्टरवाला एकाच ट्रॅक्टरवर बसून ऑफिसात हजर. कापड राहू द्या, म्हणाले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पाऊस पडला की हद्दीला झाडं लावतो, मुळं धरेपर्यंत तेवढं ठेवा. बाई म्हणाली, "साहेब, ते कापड आहे म्हणून माझ्या चादरी आहेत. काढलंत तर दवाखाना माझं तोंड बघणार नाही."

शांतपणे समजावलं. धूळ नाही हे तुमच्याच अंगणात सिद्ध झालंय. नसलेल्या धुळीला सरकारने पडदा कशाला लावायचा? पालथ्या घड्यावर पाणी. खरं कारण मला कळतं. सरकारी वस्तू दारात आली की ह्यांना सोडवत नाही.

बाईला ताकीद दिली: सव्वीसला दोरीवर चादरी भरून दिसल्या पाहिजेत. मोठे साहेब जाईपर्यंत एकही काढायची नाही. पांढऱ्या चादरी, मागे मी. फोटो चांगला येईल.

२६ मार्च, बुधवार, सकाळी

कापड उतरवून स्टोअरमध्ये जमा केलं. अंगण मोकळं, प्रशस्त दिसतंय. कांजीचा शर्ट घातला. बायको म्हणाली, आज वारा सुटेल असं दिसतंय, दुसरा एखादा घाला. अपशकुनी बोलणं.

साहेब अकराला येणार.

२६ मार्च, संध्याकाळी

साहेब अकराला आले नाहीत. मीटिंग होती. आले साडेचारला.

चारला वारा सुटला. आधी ट्रॅक्टरवाल्याच्या जागेतून पीठ उठल्यासारखं थोडं उठलं, मग अर्ध्या तासात सगळंच आलं. बाई दोरीकडे धावली. मी हात आडवा केला. साहेबांची गाडी वळणावर दिसत होती. ती म्हणाली, साहेब, पाया पडते, काढू द्या. म्हटलं, पाच मिनिटं. ट्रॅक्टरवाला कुठूनशी ताडपत्री घेऊन आला, त्यालाही थांबवलं. सरकारी पाहणीत अडथळा.

मोठे साहेब गाडीतून उतरले नाहीत. काच बोटभर खाली केली. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं: तक्रार, पद्धत, निष्कर्ष. दाताखाली कचकच होत होती तरी एक वाक्य गाळलं नाही. हवेचा गुणही सांगितला. साहेबांनी विचारलं, म्हणजे धूळ नाही? म्हटलं, आढळून आलेली नाही साहेब.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग म्हणाले, "शर्ट काढा."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "प्रत्यक्ष कापडावरचा, अधिकाऱ्यासमक्ष, तात्काळ सीलबंद. नियम तुमचाच ना?"

काढला. शिपायाने पाकिटात घातला. सील माझ्याच बॅगेत होतं. लाखही. शिपाई इतक्या चपळाईने काम करू शकतो हे आज कळलं. पाकिटावर नाव लिहायचं होतं, तेही त्याने सुंदर अक्षरात लिहिलं. पोचपावती मागितली. काच वर गेली होती. शिपायालाही त्यांनी पाकीट सांभाळायला गाडीत घेतलं. पुढच्या सीटवर.

मग अंगणात मी बनियनवर, आणि दोरीवर चादरी. सगळ्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळदीत बुडवल्यासारख्या. बाई रडली असती तर बरं झालं असतं. काहीतरी समजूत घालता आली असती. तिने नुसती एक चादर दोरीवरून ओढली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

"घ्या, पांघरा," म्हणाली. "दवाखाना आता घेणार नाही ही."

जीपमध्ये पांघरून बसलो. थंडी नव्हती.

२९ मार्च, शनिवार

केबिन दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. त्याने निळे पडदे लावलेत.

बांबू परत रोवायचा हुकूम आलाय. मी जातीने उभं राहायचं, रोज चार ते सहा, वारा असेपर्यंत. शिपाई बातम्या आणतो. दवाखान्याने बाईचं काम काढून घेतलं. ट्रॅक्टरवाला तिच्यासाठी तिथे जाऊन भांडला. उपयोग झाला नाही. आज सकाळी तो पाण्याचा टँकर लावून स्वतःची जागा भिजवत होता, आणि मी बांबू रोवायला गेलो तेव्हा दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. एकमेकांशी मात्र बोलत होते.

चादर आमच्याकडेच आहे. बायकोने तीनदा धुतली. नीळ घालून झाली, उन्हात घालून झाली. आता गॅलरीत टांगलीय. येता-जाता समोर दिसते. बायको म्हणते, बाईला निदान ही तरी स्वच्छ करून परत द्यायची होती. मग म्हणाली, जात नाही हो.

जवळ जाऊन दोन्ही बाजूंनी बघितली.

शेरा: धूळ आढळून आली. मात्र ती कोणाची, हे सांगता येत नाही.