शेटच्या एमजी गाडीवरचं अक्षर

भायखळा, ता. ९ मार्च १९५७

चिरंजीव जयवंतास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे, काळजी करू नये. तुझ्या वहिनीचा, सुभद्रेचा, गुडघा कसा आहे?

मी जिची राखण करतो ती एमजी गाडी पन्नास साली विलायतेहून बोटीने आली. आधी गिरणीतल्या गोऱ्या साहेबाची होती. तो मायदेशी परतला तेव्हा आमच्या पारशी शेटनी घेतली. दोघांपुरती जागा, वर कापडाचं छप्पर आणि इतकी बुटकी, की तिच्यात चढायचं नसतं, उतरायचं असतं.

परवा मोर्चा येताना दिसला. विलायती गाडीवर दगड पडतील म्हणून मी तंबाखूच्या डबीतल्या चुन्याने, बोटानेच, बॉनेटवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं लिहिलं. दगड राहिला बाजूला, लोकांनी गाडीला हार घातला!

पण दिवसभर उन्हात चुन्याने रंग खाल्ला रे. धुतलं तरी अक्षरं तशीच.

शेट ओरडले, "कोनी लिवला? ज्याचा अक्षर जुळेल त्याचा नोकरी गेला!"

मी म्हटलं, "शेट, मला कुठे लिहिता येतं?"

या वयात दुसरं काम कोण देणार? सुभद्रेला यातलं काही सांगू नकोस, आणि हे पत्र वाचून लगेच चुलीत घाल.

तुझा निरक्षर दादा,
दत्ताराम