कुंडीवरचं फुलपाखरू

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोतीबिंदूवरचं तुझं प्रवचन पोचलं. माझी नजर गेली असं तू जगभर सांगत फिरतेस. पण तुझा हा आंधळा भाऊ रोज दुकान उघडण्याआधी गॅलरीत फुलपाखरू बघतो. निळंशार, कडेला पिवळं. वीतभर अंतरावर श्वास रोखून बसतो, तरी उडत नाही. लहानपणी तुला बघून फुलपाखरं पळ काढायची; माणसाची पारख असते त्यांना. तेव्हा ऑपरेशनचा विषय बंद.

लोभ असावा, प्रवचन नसावं.
तुझा,
घड्याळजी

१३ मार्च

चि. घड्याळजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोला विचारलं. तिने कळवलं, ते फुलपाखरू म्हणजे तुझ्या नातीची केसांची क्लिप आहे. पोर विसरून गेली म्हणून तुझ्या बायकोनेच ती कुंडीतल्या काठीला अडकवली. सांगायचा तिला धीर होईना, कारण तू म्हणे गॅलरीत कपडे वाळत घालायलाही बंदी केली आहेस. एका प्लॅस्टिकच्या क्लिपेसाठी सारं घर दबक्या पावलांनी चालतंय. धन्य तुझी, आणि त्या क्लिपेचीही पारख!

पोटभर हसले, मग रडू आलं. वडिलांनी असाच हट्ट केला आणि शेवटी आपल्याला आवाजावरून ओळखायचे. तुझं तर पोटच डोळ्यांवर आहे. तू घाबरतोस, हे मला ठाऊक आहे. ऑपरेशनला मी येते, दाराबाहेर बसते.

तुझ्यावर लोभ आहे, म्हणूनच हा जाच.
ताई

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाहेर बसून तू नर्सला दिलेल्या सूचना आत टेबलावर स्वच्छ ऐकू येत होत्या. असो, डोळा झकास झाला.

आज गॅलरीत गेलो. क्लिप पाहिली. दोन दात तुटलेली, अगदीच भिकार. खालच्या फांदीवर आणखी एक दिसली, केशरी. म्हटलं, या पोरीने विसराव्यात तरी किती! काढायला बोटं नेली, तर पंखांवर काळ्या रेघा, कडेला पांढरे ठिपके, आणि घड्याळातल्या बारीक स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड. ती हळूच उलगडली. मग स्वारी भुर्रकन उडाली.

मी रडलो, ताई. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, तेव्हा हा गुन्हा तुझ्या नावावर.

ते पुन्हा येईल. गॅलरीत कपडे वाळत घालायची बंदी आजपासून परत लागू केली आहे.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
घड्याळजी